शाळा सोडण्याचे कारण

बाबा गेले तो बुधवार होता. सकाळी त्यांनी चहा घेतला. वर्तमानपत्र मागितलं, पण उघडलं नाही. नऊ वाजता डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी समाजमंदिरात बरीच माणसं बोलली. बाबांचे विद्यार्थी आता स्वतःच म्हातारे झाले आहेत. काठी टेकत आलेले दोघे-तिघे होते. कुणी म्हणालं, गुरुजी प्रामाणिक होते. कुणी निःस्पृह म्हणालं, कुणी तत्त्वनिष्ठ. एकानं सूर्याची उपमा दिली. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, बाबा असते तर दर वाक्यानंतर त्यांनी हळूच विचारलं असतं, "कशावरून?"

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले आणि बसूनच राहिले. उभं राहून बोलणं मला कधी जमलं नाही. लिहिता येतं, तेही सावकाश. गेले दोन महिने हे लिहिते आहे. त्या दिवशी लोक जे बोलले ते खरं आहे, पण ते नुसतं म्हटलेलं आहे. त्याच्या खाली आधाराला ठेवावी अशी एक गोष्ट माझ्याकडे आहे. माझी माय होती तोवर बाबांखेरीज ती पुरती आम्हा दोघींनाच ठाऊक होती. आता एकटीला आहे.

निवृत्तीनंतर बरीच वर्षं मी तालुक्याच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना तर्क शिकवला. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो. आधी चार ओळींचा उतारा, त्यात कुणाचं तरी म्हणणं, आणि खाली विचारलेलं असतं: खालीलपैकी कोणते विधान वरील युक्तिवादाला सर्वाधिक बळकटी देते? मुलं नेहमी एकाच तऱ्हेनं चुकतात. जे विधान ऐकायला भारदस्त ते निवडतात. नाहीतर उताऱ्यातलीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगणारं निवडतात. नाहीतर जे खरं आहे, पण ज्याचा इथं काही संबंध नाही, ते. मी त्यांना सांगायची, खरं असून भागत नाही. कारण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये कुठंतरी फट असते. आधी ती फट शोधा. ती बुजवणारं विधान ते उत्तर.

मुलं विचारायची, मॅडम, हे कोणत्या पुस्तकात आहे? असेल कोणत्यातरी. मी ते पुस्तकातून शिकले नाही. आमच्या गावी, दोन खोल्यांच्या घरात शिकले. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि असल्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे कुणी पाहिल्याही नव्हत्या.

बाबा त्याला टेकू म्हणत. छपराचं आढं वाकलं की खालून लाकूड लावतात, तो टेकू. संध्याकाळी शाळेतून आले, हातपाय धुतले की ते मला एखादं वाक्य द्यायचे आणि म्हणायचे, "लाव टेकू." एकदा त्यांनी वाक्य दिलं, वाण्याच्या दुकानात गर्दी असते, म्हणून त्याचा गूळ चांगला असला पाहिजे. मी म्हटलं, त्याचा गूळ पिवळाधमक असतो. बाबा म्हणाले, "गर्दी पिवळ्यासाठी होते हे कुठं ठरलं?" मी म्हटलं, वाणी स्वभावानं चांगला आहे. ते म्हणाले, "मग गूळ कशाला मध्ये आणला?" मी दमले. तेव्हा म्हणाले, "गूळ संपलेल्या दिवशी जाऊन बघ. गर्दी हटली तर तो टेकू."

मी तीन-चार दिवस दुकानावर नजर ठेवली. एके दिवशी गूळ संपला. गर्दी तेवढीच होती. वाण्यानं नवा रेडिओ घेतला होता आणि माणसं बातम्या ऐकायला बसत होती. घरी येऊन सांगितलं तर बाबा इतके हसले की माय चुलीपासून उठून आली.

"टेकू लावायले गेली अन् भिंतच पाडून आली पोरगी," ते मायला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बरं झालं. पडायचीच होती ती."

आमचं गाव जानेफळच्या पलीकडे, तीन कोसांवर. शाळा सातवीपर्यंत. बाबा त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. आम्ही बौद्ध. धम्म घेऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण गावानं आम्हाला अजून जुन्याच जागी ठेवलं होतं. गावातले काही लोक बाबांना गुरुजी म्हणत, काही मास्तर म्हणत. कोण काय म्हणतं त्यावरून कुणाच्या ओट्यावर बसता येईल आणि कुणाच्या अंगणात उभं राहावं लागेल, ते आम्हाला आधीच कळायचं. शाळेत मात्र त्यांचा शब्द चाले. त्यांचं दप्तर इतकं नेटकं की तपासणीला आलेले साहेब दुसऱ्या शाळांच्या मास्तरांना ते बघायला पाठवत.

सातवीनंतर मुलं जानेफळला हायस्कुलात जात. काही सायकलवर, बहुतेक पायी. मुली बहुधा घरी बसत. मी सहावीत होते तेव्हापासून मला हे दिसत होतं. माझ्या पुढच्या वर्गातल्या मुली एक-एक करून शेणाच्या पाट्या आणि धाकट्या भावंडांच्या मागे लागल्या होत्या. आमचं कुणी नातेवाईक हायस्कुलाच्या गावी नव्हतं. बाबा मला रोज तीन कोस पोचवू शकत नव्हते, कारण त्यांचीही शाळा त्याच वेळी भरायची. म्हणजे गावात आठवीचा वर्ग निघाला तर मी शिकणार होते. नाही निघाला तर सातवी ही माझी शेवटची इयत्ता होती. हे घरात कुणी बोललं नव्हतं. पण मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

वर्गासाठी पहिला अर्ज झाला तो सरपंचाच्या ओसरीवर. सरपंच बोलले, बाबांनी लिहून घेतलं. तीन पानं झाली. त्यात ज्ञानगंगा होती, नवमहाराष्ट्र होता, स्त्रीशिक्षणाचा महिमा होता. खाली सत्तरेक सह्या आणि अंगठे. बाबांनी तो अर्ज घरी आणून मला वाचून दाखवला. मी म्हटलं, छान आहे. ते म्हणाले, "छान आहे खरा. पण सत्तर माणसं कुठल्याही कागदावर अंगठा देतात."

दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या शिक्षण समितीचं उत्तर आलं. चारच ओळी होत्या. नव्या वर्गाला किमान वीस विद्यार्थी लागतात. गावातून बारा मुलगे मिळतील. मुलींच्या बाबतीत, आपल्याच शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरावरून असे दिसते की गेल्या सहा वर्षांत सातवी झालेल्या सर्व मुलींनी पालकांची इच्छा नसल्याने शाळा सोडली आहे. सबब वर्ग मंजूर करता येत नाही.

दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे कोण शाळेत आलं, कोण केव्हा गेलं, याची नोंदवही. तिच्या शेवटच्या रकान्यावर छापलेलं असतं, शाळा सोडण्याचे कारण. मेमध्ये निकाल लागला की सातवीची सगळी नावं एका बैठकीत खारीज करायची. मुलग्यांपुढे बाबा 'पुढील शिक्षण' लिहायचे. मुलींपुढे लिहायचे 'पा. इ. ना.' म्हणजे पालकांची इच्छा नाही. पहिल्या मुलीपुढे तीन अक्षरं, आणि तिच्या खाली बाकीच्यांपुढे दोन-दोन रेघोट्या, वरीलप्रमाणे. त्यांच्या आधीचे मुख्याध्यापक तसंच करत. बाबांनी ती पद्धत पुढे चालवली.

ते उत्तर त्यांनी घरी मोठ्यानं वाचलं. माय सुपात ज्वारी पाखडत होती. ती चौथी शिकलेली. वाचन पुरं होईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग म्हणाली,

"सुताराची मोठी पोरगी चिखलीले मामाकडे राहून शिकून राह्यली. मागच्या पोळ्याले आली होती, चांगली चष्मा लावून. तिच्यापुढं बी तेच लिहेल हाये का?"

"आहे."

"कोनं लिहिलं?"

बाबांनी हातातलं पत्र खाली ठेवलं.

"मंग तिच्या बापानं काय झोपेत धाडलं तिले चिखलीले?"

मी हसले आणि लगेच थांबले, कारण बाबांचा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता. आपल्याच अंगणात रस्ता चुकल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ते शाळेतून रजिस्टर आणि दाखल्यांची सगळी जुनी पुस्तकं घेऊन आले. मूल दुसऱ्या शाळेत जातं तेव्हा त्याला दाखला देतात आणि त्याची स्थळप्रत पुस्तकात राहते. बाबा रजिस्टरातलं नाव वाचत, मी स्थळप्रतींमध्ये शोधत असे. सहा वर्षांत सातवी झालेल्या मुली एकतीस. त्यातल्या नऊ जणींच्या नावाचा दाखला सापडला. कुणी चिखलीला मामाकडे, कुणी मेहकरला मावशीकडे, एक तर आत्याकडे पार अकोल्याला. प्रत्येक स्थळप्रतीवर कारण, पुढील शिक्षण. खाली बाबांची सही. मेमध्ये त्यांनी रजिस्टरात इच्छा नाही लिहिलं होतं आणि जूनमध्ये त्याच मुलीच्या बापाला स्वतःच्या हातानं दाखला दिला होता. दोन्ही वह्या एकाच कपाटात होत्या.

"टेकू मिळाला," मी म्हटलं. मला फार आनंद झाला होता. ज्यांना हायस्कुलाच्या गावी राहायला घर मिळालं त्यांनी मुली पाठवल्या. म्हणजे अडचण इच्छेची नव्हती, अंतराची होती. इतकं सरळ होतं.

"मिळाला," बाबा म्हणाले. "पण तो लावायचा तर आधी माझं अक्षर खोटं पाडावं लागेल."

शाळेत एक सहशिक्षक होते, गावचेच, बाबांपेक्षा वयानं मोठे. चांगले होते ते, आमच्या घरी चहा घेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले तेव्हा बाबांनी त्यांना सगळं सांगितलं.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "एक दौत आन् अर्धा घंटा. नऊ ठिकानी 'पुढील शिक्षण' करून टाका. कोन पाहून राह्यलं?"

"समितीनं उतारा नेला आहे."

"मंग म्हना, उतारा घेनाऱ्यानं चूक केली. कारकुनाची चूक म्हटली का कोनी इचारत नाही."

"कारकुनाची नाही ती. माझी आहे."

सहशिक्षकांनी कप खाली ठेवला. आवाज उतरवून म्हणाले, "गुरुजी, मी तुमाले लहान भाऊ समजून सांगतो. माह्या हातून चूक झाली तं लोक म्हनतीन, मास्तर चुकला. तुमच्या हातून झाली तं काय म्हनतीन, थे तुमाले मी सांगू का? बसेलच हायेत काही जन वाट पाहत. लेखी नका देऊ."

बाबांनी दाखल्यांची पुस्तकं एकावर एक रचून ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं आहे." आणि पुढच्या रविवारपासून गावात फिरायला लागले.

नऊ जणींचे दाखले होते. उरल्या बावीस. त्यांच्या पालकांची इच्छा होती की नव्हती, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. मुलग्याविषयी बोलायचं तर त्याचा बाप बाजारात भेटे, चावडीवर भेटे, शाळेच्या फाटकात भेटे. मुलीविषयी विचारायचं तर घरी जावं लागे. तिथं आईलाही विचारावं लागे. आणि घरी जायचं म्हणजे अंगणात उभं राहायचं. बाबा शाळेत खुर्चीवर बसत. गावात कुणाच्या अंगणात उभं राहणं त्यांनी इतकी वर्षं टाळलं होतं. एकदा चालता चालता मला म्हणाले, "तीन अक्षरं लिहिली की जावं लागत नव्हतं." बस, एवढंच. त्या वयात मला त्याचा अर्धाच अर्थ कळला.

मी दौत आणि टाक घेऊन बरोबर असे. ते पाटीसारखी एक फळी डाव्या हातावर धरून उभ्यानंच लिहीत. पहिलं घर एका भाजीवाल्या शेतकऱ्याचं होतं. तो वांग्यांची पाटी भरत होता.

"या मास्तर. काय काम काढलं?"

"तुमच्या मोठ्या मुलीनं सातवीनंतर शाळा का सोडली, ते लिहून घ्यायचं आहे."

"आता? चार वर्सं झाली न. लगन झालं, पोरगं झालं तिले."

"तेव्हाच विचारायला हवं होतं. राहून गेलं."

त्यानं हातातलं वांगं तसंच धरून आत हाक मारली, "ऐकलं का वं? मास्तर इचारून राह्यले, पोरीले काऊन काढलं शाळेतून!"

आतून आवाज आला, "काऊन म्हंजे? तीन कोस कोन नेऊन सोडन तिले रोज? हे जाती का? ह्याहिले तं बाजारात जायाचं म्हटलं तरी गुडघे दुखते!"

"गावात वर्ग असता तर पाठवली असती?" बाबांनी दाराकडे तोंड करून विचारलं.

"धाडली असती न! धाकटीले तं मी उद्या धाडतो. काढा तं खरं तुमी," आतून बाई म्हणाली.

बाबांनी ते जसंच्या तसं लिहिलं. गुडघ्यांचं सोडून.

अशी बावीस घरं झाली. पाच रविवार गेले. काही घरांत थट्टा झाली. एकानं ऐकू येईल असं शेजाऱ्याला म्हटलं, "सोताची पोरगी सातवीत हाये, म्हून येवढी धावपळ." बाबांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. तीन घरी मात्र सरळ नकार मिळाला. त्यातला एक म्हातारा मला चांगला आठवतो. तो म्हणाला, "पोरीले आठवी कायले? सातवी शिकवली थेच लय झालं. वर्ग घरासमोर आनला तरी धाडनार नाही. लिहा तसंच." बाबांनी लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. "हाव, अस्संच," तो खूश होऊन म्हणाला. आणि बावीस घरांत त्या एकट्या म्हाताऱ्यानं खाट पुढे ओढून बाबांना म्हटलं, "बसा न गुरुजी, उभे काऊन?" बाबा बसले. पाणी प्यायले.

अर्ज पुन्हा लिहायला घेतला तेव्हा बाबांनी ते तीन नकारही घातले. मी हैराण झाले.

"बाबा, हे कशाला? एकोणीस हो म्हणाले ते लिहा. तिघांमुळे आपलं म्हणणं कमजोर होतं."

"विचारलं ते सगळेच हो म्हणाले असं दिसलं तर साहेब काय समजतील?"

मी विचार केला. "की मास्तरांनी घरी बसून लिहिलं."

"मग?"

मी तिन्ही नकार उतरवून घेतले. पुढे शेकडो प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, पण यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आपणच आधी मांडली की बाकीच्या गोष्टींना वजन येतं. पर्यायांमध्ये हे कधी छापलेलं नसतं.

नवा अर्ज दीड पानाचा झाला. ज्ञानगंगा गेली. त्यातला एक परिच्छेद मला पाठ आहे, कारण पक्की नक्कल मीच केली. 'रजिस्टरातील सदर नोंदी मी स्वतः, पालकांस न विचारता, केल्या आहेत. त्या चुकीच्या आहेत. चूक माझी आहे. मूळ नोंदींत मी कोणताही बदल केलेला नाही.' त्याखाली नऊ दाखल्यांचे क्रमांक. त्याखाली बावीस घरांची उत्तरं. आणि शेवटी आठवीत बसायला तयार असलेल्या मुलामुलींची यादी. बारा मुलगे, दहा मुली.

ती यादी लिहिताना मी मुलींच्या खाली माझ्या नावासाठी अकरावी ओळ मोकळी सोडली होती. बाबांनी नाही म्हटलं. अर्जात त्यांनी वेगळं लिहिलं, 'अर्जदाराची मुलगी सातवीत असून ती या संख्येत धरलेली नाही.'

मी मायकडे गेले आणि रडले. माय म्हणाली, "ज्या वर्गासाठी गावभर फिरली त्याच्यात पोरीचं नाव नाही. काय मानूस हाये!" मग बाबांच्या ताटात तिनं नेहमीपेक्षा जोरात भाकर टाकली.

अर्जाच्या चौकशीसाठी साहेब मार्चमध्ये आले. एसटीनं जानेफळपर्यंत, पुढे सायकलवर. बारीक, उन्हानं काळवंडलेले. बोलणं पुण्याकडचं. सरपंचांनी हार आणला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवून दिला आणि रजिस्टर मागितलं. आम्ही सातवीच्या मुली शेजारच्या खोलीत होतो. मधली भिंत वरपर्यंत नव्हती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ नुसती पानं उलटल्याचा आवाज.

"खाडाखोड नाही केलीत," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब."

"केली असती तर मला कळलं असतं का?"

"बहुतेक नसतं कळलं."

पुन्हा पानं. मग साहेब म्हणाले, "या अर्जानं तुमचीच चौकशी लागू शकते, ठाऊक आहे ना? सहा वर्षं चुकीच्या नोंदी. तुम्हीच लिहून दिलंत."

"ठाऊक आहे."

"मग लिहिलंत कशाला? दाखल्यांचे क्रमांक दिले असते तरी काम झालं असतं."

बाबा म्हणाले, "दोन वह्या दोन गोष्टी सांगतात, साहेब. त्यातली खोटी कोणती हे मी सांगितलं नसतं, तर तुम्ही खरीवर तरी का विश्वास ठेवायचा?"

साहेबांनी रजिस्टर मिटलं. त्यांनी त्याच दुपारी बावीसपैकी चार घरी जाऊन स्वतः विचारलं. त्यातलं एक त्या म्हाताऱ्याचं निघालं. तिथून ते हसतच परत आले म्हणे. म्हाताऱ्यानं त्यांनाही तेच ऐकवलं होतं, शब्दही न बदलता.

निघण्याआधी त्यांनी आमच्या वर्गात येऊन यादी पुन्हा पाहिली आणि विचारलं, "मुख्याध्यापकांची मुलगी कोणती?" मी उभी राहिले.

"शिकायचं आहे?"

"हो, साहेब."

त्यांनी खिशातला पेन काढला, यादीच्या खाली अकरावं नाव स्वतः लिहिलं आणि बाबांना म्हणाले, "हिला मोजू या. हिच्या पालकाची इच्छा तर लेखी आहे."

वर्ग मंजूर झाल्याचं पत्र मेअखेर आलं. त्याच्या पंधरा दिवस आधी दुसरं एक पत्र आलं होतं. नोंदींतील निष्काळजीपणाबद्दल मुख्याध्यापकांस सक्त ताकीद देण्यात येत असून तिची नोंद सेवापुस्तकात घेण्यात यावी. बाबांनी ती नोंद स्वतःच्या अक्षरात, तारीख घालून, घेतली. गावात गवगवा झाला. 'बसेलच हायेत' म्हणून सहशिक्षकांनी ज्यांच्याविषयी सांगितलं होतं ते बोलायचे ते बोलले. पाराजवळून जाताना मी ते ऐकलं आहे. इथं लिहिणार नाही. बाबा तेव्हाही त्याच रस्त्यानं शाळेत जात. जूनमध्ये आठवी भरली तेव्हा बोलणाऱ्यांपैकी दोघांच्या मुली वर्गात होत्या.

शाळेत खोली नव्हती म्हणून आमचा वर्ग वर्षभर चावडीच्या पडवीत भरला. नवीन शिक्षक येईपर्यंत इंग्रजी आणि गणित बाबाच घेत. पहिल्या दिवशी त्यांनी नवीन रजिस्टर उघडून आमची नावं दाखल केली. माझं नाव त्यांनी बाकीच्यांसारखंच लिहिलं. मी पाहत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी ते गेले. कारण त्या घरातल्या शब्दांत लिहिलं. रकाना लहान पडे म्हणून रजिस्टराला कागद जोडावे लागत. तपासणीचे साहेब बदलत गेले आणि नवा साहेब आला की विचारत, हे काय लावलंय? बाबा सांगत, कारण लिहायला जागा पुरत नाही. वर्षांमागून वर्षं गेली तशी अंगणातली काही घरं ओट्याची झाली. सगळी नाही.

बँकेच्या एका परीक्षेत मी पहिल्यांदा बळकटी देणाऱ्या विधानाचा प्रश्न पाहिला तेव्हा शहरातल्या त्या हॉलमध्ये मला हसू आलं होतं. पर्यवेक्षकानं संशयानं पाहिलं. मी ती नोकरी घेतली नाही, शिक्षिका झाले. बाबांना प्रश्नपत्रिका आणून दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे उतारे वाचले, एक उत्तर माझ्यापेक्षा वेगळं काढलं, आणि बराच वेळ वाद घालून ते कसं बरोबर आहे हे मला पटवलं. ताकिदीविषयी ते घरी पुन्हा बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्याचा मला अभिमान होता, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं.

समाजमंदिरात लोक प्रामाणिक म्हणाले ते यावरून.

गावातली शाळा आता दहावीपर्यंत आहे. त्या पहिल्या आठवीत आम्ही अकरा जणी होतो. आज सात जणी आहोत.